फरशीखालचे दोन अनंत

महाराष्ट्रात पाटबंधाऱ्याची कामं करणाऱ्या अभियंत्याला एक सुख आहे: खाली कातळ लागतो. बंधारा घालायचा म्हटलं की माती-मुरूम काढा, कातळ उघडा करा, धुऊन घ्या, फटींत ग्राउट भरा आणि काँक्रीट चढवा. त्यामुळे वाळूवर बांधकाम कसं उभं करायचं हा धडा, ज्याला सगळे ‘खोसला’ एवढ्याच नावानं ओळखतात, सिव्हिलची बरीच मुलं ऑप्शनला टाकतात. त्याच मुलांना एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स असतात. तिथे कोशी-रीमान समीकरणं पाठ करायची, फलन अ‍ॅनॅलिटिक आहे हे सिद्ध करायचं, मार्क घ्यायचे आणि वही रद्दीत घालायची. हे दोन धडे मुळात एकच आहेत, हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नाही. ते कळलं नोकरीत, नाशिकला संकल्पचित्रांचं काम करताना, तापीच्या खोऱ्यातल्या एका नदीवरच्या बॅरेजची फाइल टेबलावर आली तेव्हा.

तापी-पूर्णेचं खोरं हा आपल्याकडचा अपवाद. तिथे काही ठिकाणी शंभर मीटर खाली गेलं तरी कातळ दिसत नाही. वाळू, पोयटा, चिकणमाती, पुन्हा वाळू. बॅरेज तसा लहान होता. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीत ४ मीटरचा फरक, प्रवाहाच्या दिशेनं ४० मीटर लांबीची काँक्रीटची तळफरशी, आणि तिच्या खालच्या टोकाला वाळूत ठोकलेली पोलादी पत्र्यांची भिंत, म्हणजे शीट पाईल, ५ मीटर खोल. हे ५ मीटर नदीच्या तळाच्या खरवडीच्या हिशेबातून आलेले होते. फरशीखालून जे पाणी झिरपणार, त्याचा हिशेब माझ्याकडे होता.

बंधारा पाणी अडवतो, असं आपण म्हणतो. वाळूवरचा बंधारा पाणी अडवत नाही, त्याला वळसा घालायला लावतो. वरच्या बाजूचं पाणी वाळूत शिरतं, फरशीखालून सरकतं आणि खालच्या बाजूला तळातून वर येतं. वाटेत दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, फरशीच्या पोटाखालचा दाब इतका वाढतो की फरशी उचलली जाऊन फुटते. दुसरी, बाहेर पडणारं पाणी इतक्या जोरानं वर येतं की वाळूचे कण सोबत घेऊन निघतं. कण निघाला की वाट मोकळी होते, वाट मोकळी झाली की पाण्याचा जोर वाढतो, आणि पोकळी खालून वरच्या दिशेनं खणत जाते. याला पायपिंग म्हणतात. १८९८ मध्ये गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा याच झिरप्याच्या पाण्यानं मोडला. त्याआधी चिनाबवरच्या खानकी बंधाऱ्यालाही याच दुखण्यानं गाठलं होतं.

नरोऱ्यानंतर आला ब्लाय. त्याचा नियम इतका सोपा की आजही लहान कामांत कुणीतरी तो वापरतोच. पाणी बांधकामाला चिकटून जी वाट चालतं तिची लांबी मोजायची. आडवी असो, उभी असो, मीटर तो मीटर. आणि दाब त्या लांबीवर सारखा उतरत जातो असं धरायचं. बारीक वाळूला पाण्याच्या उंचीच्या पंधरापट वाट द्या, जाड वाळूला बारापट. संपला हिशेब. १९२६-२७ च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरचे सायफन याच नियमानं बांधलेले असूनही त्रास देऊ लागले. तेव्हा पंजाबच्या पाटबंधारे खात्यातले अयोध्यानाथ खोसला यांनी फरशीत नळ्या घालून खालचा दाब प्रत्यक्ष मोजला. आकडे ब्लायच्या रेषेवर बसेनात. यातूनच पुढे खोसला, एन. के. बोस आणि मॅकेन्झी टेलर यांचं १९३६ सालचं ते जाडजूड प्रकाशन आलं, ज्याचे आलेख आजही भारतातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात कॉपी केलेले असतात. आलेख सगळे वापरतात. त्यामागे संमिश्र संख्या आहेत, हे फार थोडे बघतात.

आता थोडं गणित, पण सूत्रांशिवाय. वाळूतून झिरपणारं पाणी डार्सीच्या १८५६ च्या नियमानं चालतं: दाबाचा उतार जितका तीव्र, तितका वेग जास्त. या नियमाला ‘पाणी निर्माण होत नाही, नाहीसंही होत नाही’ हे वाक्य जोडलं की लाप्लासचं समीकरण मिळतं. आणि दोन मितींत लाप्लासचं समीकरण म्हणजेच संमिश्र फलनांचं राज्य. कोणतंही अ‍ॅनॅलिटिक फलन घ्या; त्याचा वास्तव भाग पाण्याचा दाब सांगतो, काल्पनिक भाग पाण्याच्या वाटा सांगतो. दोन्ही एकदम मिळतात. i नं गुणणं म्हणजे काटकोनात वळणं, म्हणून समान दाबाच्या रेषा आणि पाण्याच्या वाटा एकमेकींना काटकोनातच छेदतात. या दोन्हींची जाळी, म्हणजे फ्लो नेट, काढताना सगळे चौकोन ‘चौरसासारखे’ दिसले पाहिजेत असं मास्तर का बजावायचे, त्याचं कारण हे.

कोशी आणि रीमान यांची नावं लागलेली ही समीकरणं त्या दोघांच्या कितीतरी आधी, १७५२ मध्ये, दालाँबेरनं लिहिली होती, आणि तीही द्रवाच्या प्रवाहावरच्या निबंधात. म्हणजे आम्ही अभियंत्यांनी शुद्ध गणितातून हे उसनं आणलं असं कुणी म्हणू नये. माल मूळचा आमच्याच गोदामातला. गंमत अशी की याच गणितानं दालाँबेरला पुढे तोंडघशी पाडलं. वाहत्या पाण्यात उभ्या केलेल्या खांबावर पाण्याचा जोर किती, याचं उत्तर त्यातून शून्य येतं. घर्षण नसलेलं आदर्श पाणी असं गृहीत धरल्याचा हा परिणाम. पुलाच्या खांबाशी उसळणाऱ्या पुराच्या पाण्याला हे गणित म्हणूनच कमी पडतं. आणि वाळूच्या कणांमधून घासत, रखडत जाणारं पाणी, ज्याच्या प्रत्येक थेंबाला घर्षणच घर्षण आहे, त्याला मात्र ते चपखल बसतं. पाणी जितकं चिकट आणि संथ चालतं, तितकं त्याचं वागणं एकूणात त्या घर्षणहीन गणिताशी जुळतं. इतक्या वर्षांनंतरही मला हे पूर्ण पचलेलं नाही. एम-थ्रीच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून विमानाच्या पंखाचा झुकोव्स्कीचा आकार देतात. तो दिसायला देखणा, पण मुलं पुढे ज्या बंधाऱ्यांवर काम करणार तिथे पंख नसतात.

नुसती फरशी घ्या, शीट पाईल नसलेली. उत्तर फार सुंदर आहे: पाण्याच्या वाटा म्हणजे लंबवर्तुळं, समान दाबाच्या रेषा म्हणजे अपास्त, आणि दोन्हींच्या नाभी फरशीच्या दोन टोकांवर. फरशीखालचा दाब ब्लायसारखा सरळ रेषेत उतरत नाही, तो व्यस्त कोसाइनच्या वक्रानं उतरतो. फरशीच्या मध्यभागी दोघांचंही उत्तर ५० टक्के. पण तीन-चतुर्थांश लांबीवर ब्लाय म्हणतो २५ टक्के, आणि संमिश्र फलन म्हणतं ३३ टक्के. चार मीटर पाण्याला हा फरक १ मीटर आणि १.३३ मीटर दाबाचा आहे; त्या जागी लागणाऱ्या काँक्रीटच्या जाडीत सुमारे ८० सेंटिमीटर आणि १०७ सेंटिमीटर. वरच्या अर्ध्यात ब्लाय दाब जास्त धरतो, पण तिथे फरशीवर पाण्याचंच वजन बसलेलं असतं, म्हणून तिथे उगाच. खालच्या अर्ध्यात, जिथे फरशी उघडी असते, तिथे तो दाब कमी धरतो. चूक आहे, आणि नेमकी नको त्या बाजूची.

पण माझं मन बसलं ते दाबावर नव्हे, बाहेर पडण्याच्या वेगावर. त्याच सूत्रातून फरशीच्या खालच्या टोकाशी दाबाचा उतार काढला, की उत्तर येतं अनंत. पाणी चार मीटर असो की चार सेंटिमीटर. फरशी चाळीस मीटर लांब असो की चारशे. टोकाशी अनंत. पहिल्यांदा हे बघितल्यावर वाटतं, गणित बिघडलं. खऱ्या जगात अनंत थोडंच असतं? खऱ्या जगात त्या टोकाशी एवढंच होतं की वाळूचा पहिला कण सुटतो.

मग शीट पाईल ठोका. आता आकार अवघड झाला, आणि १८६७ आणि १८६९ च्या ख्रिस्टोफेल आणि श्वार्ट्स यांच्या रूपांतराची गरज पडते. या रूपांतराची खुबी कोपऱ्यांत आहे. बांधकामाच्या नकाशात कोपऱ्याशी एक कोन असतो; दाब आणि वाटांच्या ‘सपाट’ नकाशात त्याच बिंदूशी दुसरा कोन असतो. दोन कोन सारखे असतील तर वेग शहाण्यासारखा, मर्यादित राहतो. बांधकामाच्या नकाशातला कोन मोठा असेल तर वेग अनंत, लहान असेल तर शून्य. एवढा एक नियम हाती आला की सूत्र न लिहिता सगळा बंधारा वाचता येतो.

वाचून बघा. पाईल नसलेल्या फरशीच्या टोकाशी फरशी आणि नदीचा तळ एकाच सरळ रेषेत आहेत: कोन १८० अंश. पण फरशी म्हणजे पाण्याची वाट आणि तळ म्हणजे समान दाबाची रेषा, त्यांनी तर काटकोनात भेटायला हवं. १८० ला ९० मध्ये कोंबायचं, म्हणून अनंत. आता टोकाला उभी भिंत आहे. भिंतीची बाहेरची बाजू पाण्याची वाट, तळ समान दाबाची रेषा, आणि दोघांमधला कोन प्रत्यक्षातही ९०. काटकोनाला काटकोन मिळाला, अनंत नाहीसा झाला. एक मीटरची भिंत असली तरी हे खरं; भिंत किती खोल हा नंतरचा प्रश्न. खोसलांनी खालच्या टोकाची भिंत अनिवार्य ठरवली, ती सल्ला म्हणून नव्हे. तिच्याशिवाय कितीही काँक्रीट ओतलं तरी उत्तर अनंतच राहतं.

अनंत मात्र पूर्ण गेला नाही, तो खाली सरकला. पाईलच्या खालच्या टोकाला पाणी पूर्ण वळसा घालतं. तिथला कोन ३६० अंशांचा, आणि सपाट नकाशात फक्त १८०. पुन्हा अनंत. पण हा अनंत निरुपद्रवी आहे. तिथल्या कणाला जायला जागाच नाही. डोक्यावर पाच मीटर वाळू बसलेली. पाईल नसलेल्या फरशीच्या टोकाशी कण उघड्यावर असतो, त्याला धरून ठेवणारं फक्त त्याचं स्वतःचं वजन. गणितात हे दोन अनंत अगदी सारखे, दोन्हीकडे वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. नदीला ते सारखे नसतात.

आमच्या बॅरेजचा आकडा काढला. ४ मीटर पाणी, ४० मीटर फरशी, ५ मीटर पाईल: बाहेर पडण्याचा उतार १/८.४. वाळूचा कण तरंगू लागतो तो उतार एकच्या आसपास असतो, पण वाळूवर कुणी एवढा विश्वास टाकत नाही. बारीक वाळूला १/६ ते १/७ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे आम्ही पास. साहेबांची सही झाली, फाइल पुढे गेली.

मग भूवैज्ञानिकाचे बोअरचे नमुने प्रयोगशाळेतून आले. गाळाच्या जमिनीचं असतंच असं: पुराबरोबर वाळू बसते, पूर ओसरताना वर पोयट्याचा पातळ थर बसतो, पुन्हा वाळू. अशा थरांतून पाणी आडवं सहज जातं, उभं जाताना अडतं. आमच्याकडे आडवी पारगम्यता उभीच्या जवळजवळ नऊपट निघाली. लाप्लासचं समीकरण मोडलं, पण त्यावर जुना उपाय आहे. नकाशाचं आडवं माप पारगम्यतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानं आखडायचं, समीकरण परत लाप्लासचं होतं. नऊचं वर्गमूळ तीन. म्हणजे आमची ४० मीटरची फरशी पाण्याच्या दृष्टीनं १३.३ मीटरची होती. पाईल उभी, तिच्या मापाला हात लागत नाही. नवा आकडा १/५.४. नापास.

फाइल परत मागवली. फिल्डवरून पहिली सूचना आली ती नेहमीची: फरशी वाढवा. काँक्रीट डोळ्याला दिसतं, त्याची मोजमाप वहीत नोंद सोपी, ठेकेदारालाही ते आवडतं. मी हिशेब मांडला. पाईल ५ मीटरच ठेवून १/७ गाठायचं तर फरशी जवळजवळ ८० मीटर लागत होती, म्हणजे दुप्पट. आणि फरशी आहे तेवढीच ठेवून पाईल साडेसात मीटर नेली, तर उतार १/७.३ येत होता. चाळीस मीटर काँक्रीट एकीकडे, अडीच मीटर पोलाद दुसरीकडे. आडवी लांबी जमिनीच्या थरांनी एक-तृतीयांश करून टाकली होती, खोलीला मात्र तो कर लागू नव्हता. ब्लायच्या हिशेबात आडवा मीटर आणि उभा मीटर सारखा. त्या हिशेबानं चर्चा करत बसलो असतो तर फरशीच वाढली असती. टिपणी लिहिताना मी ‘श्वार्ट्स-ख्रिस्टोफेल’ हा शब्द वापरला नाही. दोन पर्यायांचं अंदाजपत्रक शेजारी शेजारी लावलं.

अलीकडे ही कामं सॉफ्टवेअरवर होतात, आणि व्हावीतच. आमच्या शाखेत आलेली एक नवी सहायक अभियंता एकदा लॅपटॉप घेऊन आली. फरशीखालचं रंगीत चित्र, निळ्यापासून लालपर्यंत. “सर, पाईलच्या टोकाशी वेग फार येतोय. जाळी बारीक केली की अजून वाढतो. आणखी बारीक केली की आणखी वाढतो. मॉडेलमध्ये काहीतरी चुकतंय.” मी म्हटलं, “तिथे तो वाढतच जायला हवा. थांबला असता तर मी मॉडेलवर संशय घेतला असता.” मग कागदावर ३६० आणि १८० चा कोन काढून दाखवला. तिला पटकन कळलं, आणि तिनं जे विचारलं ते मला आवडलं: “मग वर, नदीच्या तळाशी, आकडा थांबतो का ते बघू?” तिनं तिथेच बसून बघितलं. थांबला, आणि तोही खोसलाच्या सूत्राच्या जवळ. लाल रंगाला कुठे घाबरायचं आणि कुठे तो सोडून द्यायचा हे सॉफ्टवेअर सांगत नाही; दोन्हीकडे तेच लाल.

या गणिताची सगळी ताकद दोन मितींची आहे, आणि ती तिथेच संपते. लिऊव्हिलनं १८५० मध्येच दाखवलं की तीन मितींत कोन जपणारी रूपांतरं फारच मोजकी: सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं, आरशात उलटवणं, गोलात उलटवणं, एवढीच. तिथे श्वार्ट्स-ख्रिस्टोफेलसारखं कुठलाही आकार उलगडणारं साधन मिळत नाही. बॅरेजच्या मधल्या भागात, दोन्ही काठांपासून लांब, झिरपा खरोखर दोन मितींचा असतो आणि सूत्र तिथे टक्क्याटक्क्याला जुळतं. काठाशी, बाजूच्या भिंतींमागे, पाणी फरशीखालून जातंच, शिवाय भिंतीला बाजूनंही वळसा घालतं. तिथे मी सूत्रावर सही करत नाही. तिथे त्रिमितीय मॉडेल चालवायचं, आणि प्रत्यक्ष दाब मोजायला जमिनीत पिझोमीटर बसवायचे.

बॅरेजच्या अंदाजपत्रकात मी मध्यभागी दोन पिझोमीटर आणि दोन्ही काठांना मिळून आठ मागितले होते. लेखा शाखेनं हरकत घेतली: बांधकामाचा सर्वांत मोठा भाग मध्ये, मग मध्ये दोनच आणि कडेला आठ का, खुलासा करावा. मी खुलाशात एकच ओळ लिहिली: मधल्या भागाचं गणित उपलब्ध आहे. आठही मंजूर झाले.